बिनपुडीची चांदणी

“मॅडम, तेवढं सिग्निफिकंट करून द्या की.”

निवृत्त झाल्यापासून माझ्या दारात चपला काढणाऱ्या माणसाचं पहिलं वाक्य बहुधा हेच असतं. गिरणीवाल्याला ‘जरा बारीक दळा हं’ म्हणावं, त्या सुरात. मी संख्याशास्त्राची प्राध्यापक होते. आता कोल्हापुरात राजारामपुरीतल्या घराच्या पुढच्या खोलीत एक टेबल टाकून बसते आणि लोकांच्या संशोधनातले आकडे तपासून देते. पीएच.डी.वाले येतात, डॉक्टर येतात, शेतीवाले येतात, अधूनमधून शिरोली एमआयडीसीतला एखादा फौंड्रीवाला येतो. सगळ्यांचं दुखणं एकच. दोन गट असतात, त्यात कोण सरस ते सांगायचं असतं, आणि तो फरक नशिबाचा नाही, ‘सिग्निफिकंट’ म्हणजे पक्का आहे, असा माझा शिक्का हवा असतो. हे औषध की ते, ही वाळू की ती. गंमत अशी की माझ्याकडे येतात ते सगळं उरकल्यावर. लग्न लावून मोकळे होतात आणि मग पत्रिका जुळतेय का बघायला आणतात, आणि नाहीच जुळली तर भटजीनं गपगुमान जुळवून द्यावी अशी अपेक्षा असते.

आमच्या धंद्यातली मुख्य भानगड एका वाक्यात सांगता येते. सरासरी फार हलक्या कानाची असते. तालमीच्या कट्ट्यावर कॉलेजची किडकिडीत पोरं बसली आहेत, आणि त्यांच्यात एक हेवीवेट पैलवान येऊन टेकला. आता कट्ट्याचं सरासरी वजन काढा. जे उत्तर येईल तेवढ्या वजनाचा एकही माणूस त्या कट्ट्यावर नसेल. एकटा पैलवान सगळ्यांच्या वतीनं बोलून जातो.

यावर उपाय आहेत आणि ते काही कालचे नाहीत. इंग्रजी पुस्तकं त्यांना ‘रोबस्ट’ म्हणतात, मी वर्गात ‘दणकट’ म्हणायचे. एखाददुसऱ्या आडदांड आकड्यानं धक्का दिला तरी जी पडत नाही ती दणकट सरासरी. आपल्याकडे गणपतीच्या देखाव्यांच्या स्पर्धेत काय करतात? पंच कुठल्या ना कुठल्या पेठेचा असतोच. म्हणून प्रत्येक देखाव्याला मिळालेले सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी गुण बाजूला ठेवतात आणि मधल्यांची सरासरी काढतात. झालं, आमची पद्धत हीच. फक्त दोन पथ्यं आहेत. किती कापायचं हे गुण उघडण्याआधी ठरलं पाहिजे, आणि दोन्ही टोकांना सारखी कात्री लागली पाहिजे. कापल्यावर उरलेल्यांना नेहमीचं सूत्र लावून चालत नाही, त्याला वेगळं सूत्र आहे. पण ते सांगायला लागले की लोक घड्याळाकडे बघतात, म्हणून सोडून देते.

आणखी एक पथ्य माझं स्वतःचं. जो आकडा कापायचा, त्याच्या घरी आधी जाऊन यायचं. एका फौंड्रीवाल्यानं ओतकामाच्या साच्यांसाठी दोन प्रकारच्या वाळूची तुलना केली होती. एका दिवशी जवळजवळ सगळा माल नापास. तो म्हणाला, “मॅडम, ह्यो आकडा येडा हाय, उडवा.” मी म्हटलं, आधी तो दिवस कुठला ते बघा. बघितलं तर गणपतीची मिरवणूक दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालली होती आणि कामावर आलेली निम्मी माणसं उभ्या उभ्या झोपत होती. आकडा शहाणाच होता, दिवस वेडा होता.

हे सगळं सांगितलं ते डॉ. रेहाना शिकलगारची गोष्ट कळावी म्हणून.

रेहाना जनावरांची डॉक्टर. बिद्रीच्या अलीकडच्या एका गावातल्या दूध संस्थेत काम करायची आणि नोकरी सांभाळून पीएच.डी. करत होती. आपल्या भागात उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की म्हशींपुढे वाडं पडतं. वाडं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. फुकट आणि मुबलक. पण नुसत्या वाड्यावर राहिलेल्या म्हशीच्या अंगातलं कॅल्शियम हळूहळू कमी होतं. दूध घटतं, म्हैस वेळेवर गाभण राहत नाही, कधी व्याल्यावर बसते ती उठत नाही. रेहानानं यावर क्षारांचं एक मिश्रण तयार केलं होतं. रोज एक पुडी आंबोणात, म्हणजे म्हशीच्या भिजवलेल्या खाद्यात, मिसळायची, एवढंच. संस्थेनं एका हंगामापुरत्या पुड्या तिला करून दिल्या होत्या, आणि चेअरमननी स्पष्ट सांगितलं होतं की वार्षिक सभेत फरक दाखवला तर योजना सगळ्या सभासदांना, नाहीतर पुडी बंद.

“माझ्या अम्मीची एकच म्हैस होती, मॅडम,” पहिल्याच भेटीत तिनं सांगितलं. “वाड्यावरच होती. व्याली, बसली आणि गेली. मी तेव्हा शाळेत होते. ही पुडी बंद पडली तर दुसऱ्यांदा कुणी करू देणार नाही मला.”

तिनं काम चोख केलं होतं. गावातल्या म्हशींच्या चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले होते, एकाला पुडी आणि एकाला नाही. चिठ्ठ्या सगळ्या गावासमोर ग्रामपंचायतीच्या ओट्यावर काढल्या. हंगामभर दोन्ही वेळचं दूध मोजून घेतलं. पुस्तकाप्रमाणे सगळं बरोबर. चूक एकच झाली, ती म्हणजे हे सगळं तिनं कोल्हापूर जिल्ह्यात केलं.

इथे दोन गट पाडले की ते गट राहत नाहीत, ईर्षा होते. आठवड्याभरात गावात पुडीवाले आणि बिनपुडीवाले असे दोन तट पडले. ज्यांना पुडी मिळाली नाही त्यांना तो म्हशीचा अपमान वाटला. “आमच्या म्हशी काय वाऱ्यावर पडल्यात व्हय? दावतोच आता,” म्हणून त्यांनी म्हशींना सरकी, भिजवलेला गहू, गूळ, जे सापडेल ते घालायला सुरुवात केली. त्यातल्या दोघांनी एवढं घातलं की म्हशींची पोटं बिघडली आणि दूध तळाला गेलं. आणि एक म्हैस आभाळाला जाऊन टेकली. तिचं नाव चांदणी, मालक दत्तूतात्या. हे तात्या म्हणजे बिनपुडीवाल्यांचे पुढारी.

रेहाना लॅपटॉप उघडून बसली होती. दोन्ही गटांच्या सरासऱ्या जवळजवळ सारख्या आल्या होत्या. फरक शून्य म्हटलं तरी चाललं असतं.

“गाईड सर म्हणतात, ही एक म्हैस काढून टाका,” ती म्हणाली. “चांदणी काढली की फरक येतो. मी करून बघितलंय.”

“आणि या तळाच्या दोन?”

“त्या... त्या ठेवल्यात.”

“का?”

तिनं लॅपटॉपचा पडदा हळूच निम्मा मिटला. तळाच्या दोन म्हशी बिनपुडीच्या गटाला खाली ओढत होत्या, म्हणजे तिच्या पथ्यावर पडत होत्या. वरची नडते म्हणून काढायची आणि खालच्या फळतात म्हणून ठेवायच्या. यात तिचा काही डाव नव्हता. स्वतःच्या मनासारखं घडावं असं वाटणारा प्रत्येक माणूस हेच करतो आणि त्याला ते कळतही नाही. माझ्या उमेदीत मोठमोठ्या पदव्यांच्या माणसांनी हे केलेलं मी पाहिलं आहे, आणि त्यांतला एकही इतका पटकन ओशाळला नव्हता. मला ही पोरगी तिथेच आवडली.

आकडे आधीच उघडले होते, म्हणून किती कापायचं ते त्यांच्याकडे न बघता पुस्तकातल्या नेहमीच्या प्रमाणानं ठरवलं, आणि तो कात्रीचा नियम कागदावर लिहून आम्ही दोघींनी सह्या केल्या. दोन्ही गटांच्या दोन्ही टोकांकडून सारख्याच संख्येनं म्हशी बाजूला ठेवायच्या, मग त्या कुणाच्याही असोत. त्यानंतर मी म्हटलं, “आता चल, चांदणीच्या घरी जाऊन येऊ.”

तिच्या स्कूटरवर मागे बसून मी गेले. या वयात ते शोभत नाही असं धाकट्या बहिणीचं मत आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा संध्याकाळच्या धारेची वेळ झाली होती. तात्या पासष्टीचे, अंगानं आडवे, डोक्याला पटका.

“या पावणं, या! टेका हितं,” त्यांनी घोंगडं झटकलं. “डॉक्टरीनबाई, ह्या कोण?”

“माझ्या मॅडम. हिशेब तपासतात.”

“तपासा की! आमच्या चांदणीच्या दुधात पानी घावलं तर मिशी काढून दीन.”

ते धारेला बसले. मी जवळ उभी राहून बघितलं. मापात काही खोट नव्हती. कासंडीत, धारेच्या त्या भांड्यात, फेस काठापर्यंत आला होता. त्यातलंच एक पितळी पेलाभर दूध माझ्या हातात देऊन ते समोर उभे राहिले. पेला रिकामा होईपर्यंत हलणार नाहीत हे दिसत होतं. असं कोमट, गोड दूध मी लहानपणी गंगावेशीत, जिथं म्हशी उभ्या करून गिऱ्हाइकासमोर धार काढतात, वडिलांबरोबर प्यायले होते. क्षणभर मी कशाला आले तेच विसरले.

“तात्या, हिला वेगळं काय घालता?”

“काय न्हाय. हाताचा गुन हाय, बाई. पोरीवानी वाढीवलीया तिला.”

आतून त्यांच्या मंडळींना एकदम जोराचा खोकला आला. तात्यांनी तिकडे डोळे वटारून बघितलं आणि चांदणीच्या पाठीवर थाप मारली.

परत येताना रेहानानं विचारलं, “मग?”

“मग काय? माप खरं आणि म्हैसही खरी. ती हिशेबात राहणार. नियमानं टोकाला आली तर कापली जाईल, तू म्हणतेस म्हणून नाही.”

हिशेब केला. दणकट पद्धतीनं मधल्या म्हशी मधल्या म्हशींशी ताडून बघितल्या. पुडीवाल्या म्हशी रोज साधारण एक पेला दूध जास्त देत होत्या. निव्वळ चिठ्ठीच्या नशिबानं असा फरक पडला असता का, तेही मी पुन्हा पुन्हा खोट्या चिठ्ठ्या टाकून संगणकावर तपासलं. नसता पडला. फरक लहान होता, पण पक्का होता.

“एकच पेला?” रेहानाचा चेहरा उतरला.

“एकच. पण कुणाच्या बापाला खोडता येणार नाही असा.”

सभा संस्थेच्या हॉलमध्ये झाली. हॉल भरला होता. रेहानानं मला बोलावलं होतं आणि मी पहिल्या रांगेत बसले होते. तिनं देखाव्याच्या पंचांचा दाखला देऊन सगळं नीट समजावलं. माना डोलत होत्या. एक पेल्याचं सांगितल्यावर जरा चुळबूळ झाली, तरी ऐकून घेत होते. तेवढ्यात मागून दत्तूतात्या उठले.

“म्हंजे माजी चांदणी कापली म्हनायची?”

हॉल हसला.

“कापली नाही तात्या, बाजूला ठेवली,” रेहाना म्हणाली. “तशा पुडीवाल्यांच्याही ठेवल्यात.”

“बाजूला? पयल्या लंबरची म्हस बाजूला आन् मरतुकड्या हिशेबात? ह्यो कुठला न्याय म्हनायचा?”

चेअरमन हुशार माणूस. त्यांनी माईक पुढे ओढला. “थांबा जरा. गावात सगळ्यात जास्त दूध कुणाचं? चांदणीचं. चांदणी कुठल्या गटात? बिनपुडीच्या. मग डॉक्टर, पुडी पायजेच कशाला? तात्यांवानी हात फिरवा की म्हशीवर!”

या वेळी हसणं वेगळं होतं. माणसं एकमेकांकडे बघून ‘खरं हाय की’ म्हणायला लागली. मी उभी राहिले. एका म्हशीवरून गटाचं अनुमान काढता येत नाही, असं काहीतरी सांगायला सुरुवात केली. जन्मभर वर्गात सांगत आले तेच. कुणीही ऐकत नव्हतं. पैलवान कट्ट्यावर येऊन टेकला होता, आणि आता तोच सगळ्यांच्या वतीनं बोलणार होता. रेहाना हातातले कागद सारखे करत होती. ते सारखेच होते, तरी ती करत होती. मला तिच्याकडे बघवेना.

तात्या अजून उभेच होते. खरं तर त्यांनी खाली बसायला हरकत नव्हती. जिंकले होते ते. म्हैस पहिली, आणि हाताचा गुण भर सभेत चेअरमनच्या तोंडून मान्य झालेला. पण ते रेहानाकडे बघत होते. पटका काढला, पुन्हा डोक्यावर ठेवला.

“चेअरमनसाब,” ते म्हणाले, “चांदणीनं पुडी खाल्लीया.”

मागच्या रांगांतली माणसं बघायला उठून उभी राहिली.

“शेजारच्या म्हादूची म्हस पुडीवाली. पंदरा दिसात तिचं अंग चकचकाय लागलं. मला काय ऱ्हावंना. म्हादूला म्हनलं, निम्मी मला देत जा. चिठ्ठीनं मला बिनपुडीत टाकलं, म्हून काय माज्या म्हशीनं बगत बसायचं व्हय? आन् मागल्या येताला व्याल्यावर चांदणी बसलीवती, तवा ह्याच पोरीनं सलाईन लावून उठीवलीया तिला. दिसभर पोरगी तिच्याजवळ शेनात बसलीवती. मी गावाला हाताचा गुन सांगत हिंडलो. हाताचा न्हाय. पुडीचा हाय. झालं?”

एवढं बोलून ते धपकन बसले. कान लाल झाले होते. बायकांच्या रांगेतून एक ओळखीचा खोकला ऐकू आला.

मग एकच गलका झाला. सगळ्यात आधी उठला म्हादू, आणि त्याचं म्हणणं एवढंच की मी दिली न्हाय, तात्यानं मागितली. चेअरमननी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. त्यांचा चेहरा खुलला होता.

“मग डॉक्टर, सोपं झालं की! चांदणीला पुडीवाल्यांत घाला. आकडा कसा फुगंल बगा. एक पेला काय, तांब्या भरंल.”

सगळा हॉल तिच्याकडे बघत होता. मीसुद्धा. काही महिन्यांपूर्वी हीच मुलगी एक म्हैस काढून टाकायला माझ्या दारात आली होती. आज तीच म्हैस गावच्या गाव तिच्या पदरात घालत होतं, तेही खुशीनं.

“नाही,” रेहाना म्हणाली. “चिठ्ठीनं जिथं टाकली तिथंच राहील ती. आपण सोयीनं म्हशी हलवायला लागलो तर चिठ्ठ्या कशाला टाकल्या? एक पेला. मी सांगू शकते ते तेवढंच.”

मी इतकी वर्षं शिकवलं. उत्तरपत्रिका तपासल्या, शोधनिबंध तपासले. कितीतरी प्रबंधांच्या आभारात ‘आणि इतर’मध्ये माझं नाव गेलं, त्याचा कधीकधी राग यायचा. त्या हॉलमध्ये तो सगळा राग निघून गेला. डोळे पुसायला रुमाल काढावा लागला, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

ठराव मंजूर झाला. तो आमच्या दणकट पद्धतीनं झाला असं म्हणण्याइतकी मी खुळी नाही. “तात्यासारखा मानूस चोरून घालतोय, म्हंजे पुडीत दम हाय,” असं चेअरमन म्हणाले आणि हात वर झाले. ज्या टोकाला भुलू नका म्हणून मी जन्मभर घसा कोरडा केला, त्या टोकानंच शेवटी काम केलं. याची थोडी खंत आहे. नाही म्हणून काय करता? पण टोकाला जो आकडा असतो तिथे एक माणूस उभा असतो, आणि आपल्याला बाजूला ठेवलं की त्याला लागतं, हे कुठल्याच पुस्तकात मला सापडलं नव्हतं. ते तात्यांनी शिकवलं.

रेहानाचा प्रबंध मान्य झाला. त्यात फरक एक पेलाच लिहिला आहे, आणि पुडी शेजारी पोहोचल्याचंही खाली लिहिलं आहे. परीक्षकांनी त्यावर बरंच खोदून विचारलं, तिनं सगळं होतं तसं सांगितलं.

दिवाळीच्या पाडव्याला त्या गावात म्हशींची मिरवणूक असते. तात्यांनी मला निरोप धाडला, “बाईंनी यायलाच पायजे.” गेले. शिंगं रंगवलेल्या, मोरपिसं खोवलेल्या म्हशी सायलेन्सर काढलेल्या मोटरसायकलींमागे धावत होत्या आणि धुरळ्यात माणूस ओळखू येत नव्हता. चांदणी आली तेव्हा लोक आपोआप बाजूला झाले. तात्यांनी तिला माझ्यासमोर आणून उभी केली.

“आता तरी धरली का न्हाई हिशेबात?”

“धरली की, तात्या. कधी सोडली होती?”

ते खूश झाले. तिच्या पाठीवर दरवर्षी त्यांचं नाव रंगवलेलं असायचं, असं रेहानानं मला सांगितलं. या वर्षी तिथं पांढऱ्या रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘पुडीवाली चांदणी’. गावासमोर, स्वतःच्या हातानं. मी त्या अक्षरांवरून हात फिरवला, रंग अजून ओला होता. माझ्या फायलीत ती अजून बिनपुडीच्याच गटात आहे, आणि तिथून तिला हलवायचा अधिकार मलाही नाही.